गोलाच्या खर्चाची याद

याद खर्चाची. खासगीकडील पृथ्वीचा गोल
सुरतेहून बडोद्यास आणविला, त्याची.
गाडीभाडे, बैल चार, गवत निराळे.
नर्मदा उतरताना गोल नावेच्या काठाला आपटला,
एका दर्याला पोचा पडला.
मेण पाव शेर, पोचा भरण्यास.
तो दर्या आता बाकीच्यांहून किंचित उंच आहे,
जहाजवाल्यांनी काय ते समजून घ्यावे.

नावे सगळी फिरंगी. हुकूम झाला,
सरकारांस वाचता येतील अशी चिकटवा.
म्हणून मला बोलावले, आपाजी शिवदेव,
फडातला कारकून, मोडीचा हात.
मोडीत लेखणी उचलावी लागत नाही,
एका दमात परगणा संपतो.
बाळबोधीत अक्षराअक्षराला थांबलो,
पृथ्वी उरकायला सव्वा महिना लागला.
डिंक, अर्धा शेर. मुंग्या लागल्या म्हणून पुन्हा पाव.

लाटा काढायला मूळजी चितारी.
त्याने समुद्र पाहिलेला नाही.
विश्वामित्रीत पाहिले तेवढे पाणी त्याने काढले,
आणि मधोमध, जिथे जमीन चार महिने दिसत नाही म्हणतात,
तिथे एक मगर, ऊन खात.
खोडा म्हटले तर म्हणाला, रंगाचे पैसे दिलेत ना?

दसऱ्यानंतर सरकार पाहायला आले.
पहिला प्रश्न, आमचे बडोदे कोठे?
दाखवले. मोहरीही मोठी म्हणावी.
कोणी खोकले नाही, पंखेवाल्याचा हात थांबला.
मग दिवाणजी म्हणाले, फिरंग्याची नजर अधू असेल.
सोन्याचा वर्ख, एक.
चंद्राएवढे बडोदे बसवले.
वर्खाखाली भरूच गेले, खंबायत गेली,
माझ्या मावशीचे सिनोर गेले, घाटासकट.

खाली, अगदी तळाशी, कोरा मुलूख होता.
तिथे कोणी पोचलेच नाही, दुभाष्या बेजनजी म्हणाला.
मी चिठ्ठी लावली: ठाऊक नाही.
सरकारांनी मान वाकडी करून वाचले.
‘हा ठाऊकनाही कोणाकडे? वसूल किती?’
दिवाणजींनी माझ्याकडे पाहिले.
मी म्हटले, आकार अजून बांधलेला नाही, महाराज.
‘बांधा,’ म्हणाले, आणि पानसुपारी झाली.

तपासणीस घोघ्याचा हमीर टंडेल आणवला,
भत्ता दोन आणे रोज, तीन रोज.
त्याला वाचता येत नव्हते.
त्याने गोल हुंगला. दोन्ही तळहात लावून
वासराला चाचपावे तसा चाचपला.
‘पवन क्यां?’
वारा कुठे दाखवलाय?
वाऱ्याशिवाय इथून इथे कोण कसा जाईल?
वारा चिकटवायचा हुकूम नव्हता.

मग बोट मस्कतेवरून खाली, डावीकडे, आणखी खाली,
आणि निळ्यात एका जागी ठरले
जिथे बेट नाही, खडक नाही, मूळजीची मगरही नाही.
इथे लखो राहिला, म्हणाला. माझा धाकटा.
राहिला म्हणजे?
त्याने बोट उचलले नाही.

अनाम जागेस हुकुमाशिवाय नाव लावू नये,
हे मी जाणतो. एकोणीस वर्षे फडात आहे.
संध्याकाळी जामदारखाना बंद होण्याआधी
तिळाएवढा कागद कापला,
दोनच अक्षरे, मोडीत, हात न उचलता.
भिंग लावल्याशिवाय दिसणार नाही,
आणि भिंग दिवाणजींकडे असते.

एकूण रुपये सतरा, आणे साडेपाच.
जमेशी तीन आणे जुळत नाहीत, ते शोधतो आहे.
तो शेवटला कागद माझ्या पदरचा,
हिशेबात धरला नाही.
मंजुरी व्हावी. हे विनंती.