शून्य युनिट

'पांझरा व्ह्यू'मधून पांझरा दिसत नाही.
दिसतो हायवेचा पूल, टायरचं एक गोदाम,
आणि चौथ्या मजल्यावर गेलात, हवा बरी असली,
तर लळिंगचा किल्ला, धुळीत अर्धा.

जिन्याखाली अठ्ठेचाळीस मीटर.
दर महिन्याच्या नऊ तारखेला मी त्यांचे फोटो काढतो.
चार वर्षं झाली, एकतीस मीटरांवर
तोच आकडा, तोच कोळी,
कदाचित आता त्याच्या नाती.

हिलाल, माझा साडू, फोन लावतो:
"आखो पडी का रे भो?"
एसटीतून निवृत्त झाला, अकरा लाख मिळाले,
ते बँकेत पडून, आणि हा
साक्रीरोडला भाड्याच्या दोन खोल्यांत.
चोवीसचा फ्लॅट वीसवर आला. म्हणाला, थांबू.
साडेसतरावर आला. म्हणाला, थांबू.
दोन्ही वेळा बरोबर निघाला.
बरोबर असण्याचीही माणसाला सवय लागते.

भिकनशेठ दलालांच्या मते तळ गाठला आहे.
चोवीसलाही त्यांच्या मते तो गाठलाच होता.
वीसला तर त्यांनी मला कंपाउंडच्या विहिरीपाशी नेलं,
खडा टाकला, कान दिला:
"ठक्क. ऐकलं? याच्या खाली काय जाणार?"
त्याच मे महिन्यात बोअरवाले आले,
विहिरीत उतरले,
आणि त्या ठक्क वाजणाऱ्या दगडातून
आणखी नव्वद फूट गेले.

मला रेडी रेकनर कळत नाही.
मला खिडक्यांवरच्या पाट्या कळतात.
आधी असतं 'विकणे आहे', रंगवून, ठसठशीत.
मग खाली येतं 'किंमत बसून ठरवू'.
मग 'एजंट क्षमस्व'मधला 'क्षमस्व' कुणीतरी खरवडून काढतं
आणि मला समजतं, मालक थकला.
त्यानंतर ऊन पडतं पाटीवर,
फोन नंबरचे शेवटचे तीन आकडे उडतात,
आणि ते पुन्हा लिहायला कुणी येत नाही.
मला वाटायचं, तळ हाच.
पण तशा पाट्या आता नऊ आहेत.

या महिन्यात सत्तावीस नंबर.
चार वर्षं चारशे बारा.
काच पुसली. चारशे एकोणीस.
फोटो काढला तर मोबाइलच म्हणाला:
रीडिंग संशयास्पद, पुन्हा तपासा.

तपासायला वर गेलो.
दार उघडं, दारात सिमेंटच्या गोणीवर ठेवलेल्या चपला,
आत मिक्सरची घरघर, आणि जिनाभर
शेंगदाणे-लसणाचा ठसका.
बाई सिव्हिलला नर्स, शिरपूरकडच्या. भामरे.
दिवा एकच लावला होता, तोही स्वयंपाकघरात.
बिल आलं का, हे नाही विचारलं त्यांनी.
विचारलं, "भाऊ, महागात पडलं का हो आम्हाला?
सोळा-ऐंशीला घेतलं. लोक म्हणतात, दिवाळीपर्यंत
अजून उतरलं असतं."

आता मी काय सांगणार?
मी म्हणालो, ताई, सात युनिटचं काही नाही,
पण स्थिर आकार लागतो.
वीज वापरा, नका वापरू,
शून्यालाही लागतो.
त्या हसल्या. मला वाटतं, बिलाबद्दलच हसल्या.

खाली येऊन पुन्हा मोजले. तीस.
तीस शून्यांपुढे एक सात.
एवढ्यावर कुणी पैसे लावू नयेत.
पलीकडच्या प्लॉटवर त्याच बिल्डरची
नवी स्लॅब पडत होती, तेही मी पाहिलं.
नोंदीत शेऱ्याची एक जागा असते,
तिथे मी एरवी 'बंद' लिहितो.
लिहिलं: मीटर चालू. माणूस आहे.

रात्री हिलालचा फोन.
मागे त्याच्या घरमालकाचा पंखा,
पातं कुठेतरी घासणारा.
"आखो पडी का रे?"
मी म्हणालो, सात युनिट.
"म्हंजे?"
मलाही नीट सांगता येईना.
मग बराच वेळ
पंखाच बोलत राहिला.