सहा आकडे

इस्त्रीचं टेबल हेच आता माझं ऑफिस,
शारजात, अल नहदाच्या सातव्या मजल्यावर.
त्याच्या कापडावर एक जळका त्रिकोण आहे,
माऊस तिथे बरोब्बर बसतो.
समोर याद्या : जेबेल अलीला काय उतरलं,
काय अडकलं, कुणाचा कागद कमी.

प्रवासभत्ता कापला, तीनशे दिरहम.
"घरीच आहात ना," ग्लेंडा म्हणाली, अगदी गोड.
एसी मात्र दिवसभर चालतो
आणि त्याचं बिल माझ्या नावावर येतं.
नळीखाली वैजूने बादली ठेवलीय,
ते पाणी कढीपत्त्याला.
एवढंच काय ते वसूल.

मीटिंग चालू असताना अन्विता दारातून पाच बोटं दाखवते.
म्हणजे पाच मिनिटं टॅब.
मी तीन दाखवतो, कॅमेरा विसरून.
"तीन दिवसांत सुटेल?" ग्लेंडा खूश होते,
आणि कुणाचे तरी फ्रीज
माझ्या तोंडून काही न निघता
तीन दिवसांवर येतात.

आईला सांगितलं, आता घरून काम.
बोटिमवर ती अर्धीच दिसते : कपाळ, आणि वर पंखा.
कपाळ थोडा वेळ गप्प राहिलं.
"घरी बसवलं का रे?"
"बसवलं नाही गं. बसून काम."
"तेच ते."
देवरुखात घरी बसलेल्या माणसाला एकच अर्थ असतो.
शेजारी मात्र तिने सांगितलं,
त्याला बढती मिळाली,
आता ऑफिसच त्याच्याकडे येतं.

ड्रॉवरमध्ये एक जुना फोन आहे, त्यात तिकडचं सिम.
बोलायला नाही. बँकेच्या आकड्यांपुरतं रिचार्ज मारतो,
कारण आईच्या खात्याला नंबर माझा लागलाय
आणि तो बदलायला मी तिथे हवा.
"आले का आकडे?" ती विचारते.
मी वाचतो. ती ते बँकेतल्या मुलीला सांगते,
सगळ्या रांगेला ऐकू जातील एवढ्या मोठ्याने.
कधी कधी आठवड्याचं बोलणं एवढंच :
सहा आकडे, आणि "ठेवते".

रुपया घसरला की इथे आम्ही खूश होतो,
मग खूश झाल्याची थोडी लाज वाटते,
मग रात्री अ‍ॅप उघडून पैसे पाठवतो,
लाजेसकट.

बुधवारी ग्लेंडाच्या कॉलमध्येच आईचा फोन आला.
माईक बंद केला, ड्रॉवर उघडला.
सात. एक. एक. तीन. आठ. दोन.
"ठेवते."
फोन आत टाकता टाकता आकड्यांच्या पुढचंही वाचलं :
मुदत ठेव.
आणि रक्कम.
रक्कम ओळखीची होती.
एप्रिल, मे, जून, मी पाठवलेले,
तेवढेच्या तेवढे. शंभराची नोटसुद्धा मोडलेली नाही.

लगेच लावला.
"आई, ते तुझ्या औषधाला होते."
"औषध चालू आहे."
"कशावर?"
"साड्यांना फॉल लावते. नव्वद रुपये एकीचे.
दिवसाला तीन होतात, डोळे बरे असले तर चार."
"आणि हे ठेवीत कशाला?"
"तुला लागतील. घरी बसलायस."
"अगं, मी काम करतोय. आत्तासुद्धा करतोय."
"मग मीपण घरूनच करते की," ती म्हणाली,
"मी काय बसलेय?"

मागे बँकेतला टोकनचा आवाज.
तिचा नंबर केव्हाच होऊन गेला होता,
तरी ती काचेसमोरून हलली नसणार.
मला काहीतरी म्हणायचं होतं,
आकड्यात बसेना असं.
दारात अन्विता, पाच बोटं वर.
मी दोन्ही हातांची दहा दाखवली. ती बघतच राहिली.

"तुमचा माईक बंद आहे," ग्लेंडा म्हणत होती.
किती वेळ, कुणास ठाऊक.