नमुना क्रमांक अकरा

अर्ज मीच लिहिला. एकोणसाठ पानं.
रकाना सात: जमिनीचा पूर्वीचा वापर.
लिहिलं, ऊस, जपान्यांच्या काळी.
मग अमेरिकी छावणी. मग विमानांच्या इंधनाची पिंपं.
मग तीस वर्षं, ज्यांचं कुणी काही लिहून ठेवलं नाही.
मग आमची डुकरं.

रकाना आठ: सध्याचा वापर.
इथे एकाच ओळीची जागा होती.
आईचं अळू, असं लिहिलं,
आणि चार नीरफणस कंसाबाहेर राहिले.

पैसे मंजूर झाले तेव्हा
नगराध्यक्षांच्या ऑफिसात केक कापला,
निळ्या साखरेच्या समुद्रात आमचं बेट.
आमचं गाव कोपऱ्यातलं, ते माझ्या ताटलीत आलं.
गोड होतं.
पत्रातली शेवटची ओळ मी दोनदा वाचली:
हा निधी केवळ तपासणीसाठी आहे, सफाईसाठी नाही.
म्हणजे वैद्य येणार, नाडी बघणार, फी घेणार,
औषधाचा अर्ज वेगळा.

आई नीरफणस सोलत होती.
म्हणाली, माती बिघडली आहे हे कळायला
त्यांना पैसे लागतात होय?
मी म्हटलं, आणि बिघडलेली नाही असं निघालं तर?
ती काहीच बोलली नाही.
साल मात्र न तुटता
तिच्या पायापर्यंत आली.

लिंडक्विस्ट नावाचा पोरगा आला,
खांद्यावर गिरमिट, हातात निळे मोजे.
रानाच्या तोंडाशी आईने त्याला थांबवलं
आणि चामोरोत, झाडांकडे बघून म्हणाली,
आज्यांनो, आजोबांनो, आत येऊ द्या.
हा परका आहे. ह्याला एक भोक पाडायचंय,
लहानसं.
मग तिने कान दिला.
त्यानेही टोपी काढली, आणि पुढे चालताना
वहीत नोंद केली:
नऊ चाळीस, प्रवेशाची परवानगी मिळाली.

मातीमोल हा शब्द आता आमच्याकडे चालत नाही.
एका बरणीला तीनशे ऐंशी डॉलर.
दहा बरण्या पिंपांच्या जागेवरून,
तिथे माती काळपट, आणि पावसानंतर
डबक्यांवर रंग तरंगतात. लहानपणी आम्ही
ते काडीने ढवळायचो.

अकरावी बरणी अळूच्या वाफ्यातली.
आई वाकली, मूठभर माती उचलून पुढे केली.
तो दचकून म्हणाला,
हाताने नको, मिसेस ताइमांग्लो,
नमुना दूषित होईल.
मी भाषांतर केलं.
आई इतकी हसली की तिला
बांधावर बसावं लागलं.
तो लालबुंद. मग तोही हसला, जरासा,
नियमात बसेल तेवढा.

आमच्या घरातलं कुणी अजून
मुख्य भूमीवर गेलेलं नाही.
माती गेली. बर्फाच्या पेटीत,
झाकणावर सही, सहीवर चिकटपट्टी.
वादळात विमान दोन दिवस अडकलं,
मी धावपट्टीच्या शेडमध्ये जाऊन
मच्छीमार जेसुसकडचा बर्फ भरून आले,
ही मासळी ठेवायचा बर्फ, त्याचीही नोंद झाली असेल.

सात आठवड्यांनी अहवाल.
दहा नमुन्यांपुढे आकडे,
काही ठळक, काही ठळक आणि तारांकित.
शिसं. आणखी एक, ज्याचं नाव
अर्ध्या ओळीएवढं लांब.
नमुना अकरा:
पोहोचताना तापमान मर्यादेबाहेर.
निष्कर्ष नाही.

पुन्हा खणायची तरतूद
ह्या निधीत नाही, असं फोनवरची बाई म्हणाली.
तिचा आवाज थकलेला होता, तिच्याकडे
दुपार होती की मध्यरात्र, विचारायचं राहिलं.
पुढच्या वर्षीचा अर्ज मात्र खुला आहे.

आज संध्याकाळी आईने नारळ खवून ठेवला,
दाराशी उभं राहून विचारलं,
मग? अळू काढू की नको?

पातेल्यात पाणी उकळतंय.
मी रकाना आठ उघडून बसले आहे.