आगीत तेल

बाबा खाद्याच्या तराफ्यावर कामाला आहेत,
फुन्निंगच्या खाडीत, पिंजऱ्यातल्या सॅमनना
दिवसभर पाइपातून गोळ्या फुंकायच्या.
शुक्रवारी एक मासा कागदात गुंडाळून आणतात,
ओट्यावर ठेवतात, म्हणतात, "रान्वा, औषध."

एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा रक्त दिसलं. आता सत्तावीस.
तोर्सहाव्नमधलं प्रत्येक शौचालय मला ठाऊक आहे:
ग्रंथालयातलं, ज्याची कडी नीट लागते,
बंदरावरचं, ज्याला रविवारी कुलूप.
एवढ्याशा बेटांवर माझ्यासारखे पुष्कळ.
दवाखान्याच्या बाकावर वर्गातल्या दोघी भेटल्या.
आम्ही वाऱ्याविषयी बोललो.

डॉक्टर सुन्नुवानं पाकिटाच्या मागे चित्र काढलं:
पेशीची भिंत चरबीची असते.
तू खातेस तेच तिथे जाऊन बसतं, विटेसारखं.
जखम झाली की एक वीट निसटते.
एका जातीची असेल तर ओरडते, पेटवा,
दुसऱ्या जातीची असेल तर म्हणते,
झालं आता, आपापल्या घरी जा.

"म्हणजे मासे खाल्ले की बरी होईन?"
तिनं पेनाला टोपण लावलं.
"तेलाच्या कॅप्सूल दिल्या लोकांना, वर्षभर.
ज्यांना दिल्या, ज्यांना नाही,
फारसा फरक दिसला नाही.
पण खा. सोसेल ते खा. लिहून ठेव."

आगीत तेल ओतू नये म्हणतात.
कुठलं, ते कोणी सांगत नाही.

गेल्या शुक्रवारी बाबा हात हलवत आले.
अठरा वर्षं पाठीवर वाहिलं ते पोतं
त्यांनी जेवणाच्या सुट्टीत पहिल्यांदा वाचलं:
सोयाबीन. रेपसीडचं तेल. माशाचं तेल, खाली, बारीक अक्षरात.
"त्या तेलानं समुद्र बघितलेलासुद्धा नाही," म्हणाले,
आणि बूट न काढताच बसून राहिले.

आमच्याकडे गोष्टी पोटात ठेवायची रीत आहे.
माझ्या पोटात आता जागा नाही,
तरी मी काही बोलले नाही.

शनिवारी उजाडायच्या आधी होडी काढून
ते नोल्सॉयच्या पलीकडे गेले.
अकरा बांगडे. पाठीवर निळ्या-काळ्या लाटा.
मागच्या पायरीवर बसून साफ करू लागले,
आणि तिसऱ्या माशाशी हात थांबला.
आयुष्यभर बोटानं उपसून मांजरांना टाकलेलं आतडं
त्यांनी तळहातावर उलगडलं.
"किती पातळ असतं गं," म्हणाले. "दिसतं यातून."

मी अर्धा बांगडा खाल्ला, साल काढून,
उकडलेला बटाटा, मीठ.

वहीत लिहिलं: बांगडा. रात्री दोनदा. रक्त नाही.
'कशामुळे' हा रकाना मीच आखला होता.
तो रिकामा सोडला.

दुसऱ्यांदा उठले तेव्हा
बाबांच्या दाराखाली उजेड होता.
मी साखळी ओढली, पाणी वाहून जाईपर्यंत थांबले.
मग उजेड गेला.