बावड्याच्या बंधाऱ्यापर्यंत

प्रयागाच्या घाटावर बाबासो आंबीनं विचारलं,
"कुठं सोडू, सायेब?"
म्हटलं, सोडू नको कुठंच.
बावड्याच्या बंधाऱ्यापर्यंत जाऊ,
जमेल तितकं हळू.

त्याला हसू आलं.
मग पुतणीचं सांगितलं. रेवती, तिकडे इंग्लंडात,
सुट्टीचे आठ दिवस नवऱ्यासोबत
कालव्यातल्या एका लांबड्या नावेत राहिली.
काठानं कुत्रं फिरवणारी म्हातारी
रोज त्यांना मागे टाकून जायची, म्हणे.
"आन् त्येचं पैसं?"
"भरपूर."
बाबासोनं वल्हं वर धरलं, थेंब ठिबकू दिले.
तेवढ्यात आम्ही एका बगळ्याइतके पुढे सरकलो.

चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात.
पाणी अडवलं, मोजलं, पाळीपाळीनं सोडलं,
त्याच्यावरून डोकी फुटली तेव्हा साक्षीला गेलो.
पाण्यावर कधी बसलो नव्हतो.

खालून काठ निराळाच दिसतो.
पंपांचे पाईप नदीत तोंड घालून उभे.
उसाला तुरे, तुऱ्यांवर गुऱ्हाळाचा धूर आडवा झालेला.
आंबेवाडीकडे कुणी गोधडी आपटते:
गोधडी दगडावर पडते,
आवाज मागाहून येतो.

केंदाळातून वाट काढता काढता
बाबासोनं बाभळीच्या शेंड्यातली चिंधी दाखवली.
"एकोणीसचं पाणी तितं हुतं."
मान पार मागे टाकावी लागली.
नाव पुरेना तेव्हा त्यानं गुळाची काहील सोडली होती पुरात,
खेपेला चार माणसं,
एकदा एक ओली बाळंतीण आणि तिची शेळी.
"तवा हात कसा चालला, ठावं न्हाई."
मग बराच वेळ काही बोलला नाही.
त्या रात्री ऑफिसात वाजलेल्या फोनांचं
मीही काढलं नाही.

शिवाजी पुलाच्या कमानीखाली गारवा.
वरच्या गाड्यांची घाई दगडातून झिरपत
खाली नुसती गुरगुर होऊन पोचते.
डबा उघडला. धपाटी, दही, ठेचा.
त्यानं पहिला तुकडा पाण्यात सोडला,
नंतर तोंडात.

मळीचा वास आला म्हणजे बावडा.
पुढे वाट नाही.
रेवती सांगते, तिथं पाण्याला दारं असतात.
नाव आत घ्यायची, दार लावायचं, थांबायचं,
पाणीच उतरवून देतं खालच्या पायरीवर.
आमच्याकडे बरगे. एकावर एक,
फटी मातीनं लिंपलेल्या.

तिसऱ्या गाळ्यात कुठंतरी माती सुटली होती.
एक बारीक धार पलीकडे पडताना ऐकू आली.
पूर्वी वही निघाली असती:
गाळा क्रमांक, तारीख, जबाबदार कर्मचारी.
हात खिशाकडे गेलाही.
खिशात बडीशेप.

"परतायचं?"
जरा थांब, म्हटलं.
बाबासोनं दोर दगडाला अडकवला
आणि तंबाखू मळायला घेतली.