हनुवटी छातीला लाव

वारा ईशान्येकडून सुटतो, कोरडा.
ओठ फुटतात, टाचा फुटतात,
बाजरीच्या कणग्यांवर धुळीची तांबूस साय धरते.
नायजरमधल्या आमच्या दानकुकात
या दिवसांत पूर्वी
माणसं एकमेकांच्या मानेकडे बघायची.

ताठ मानेचं कौतुक जगानं खुशाल करावं.
आमच्या वहीत तो एक रकाना होता:
नाव, वय, वस्ती, ताप, मान.
मी लवाली, आरोग्य केंद्राचा कारकून,
अक्षर बरं म्हणून नेमलेला.
नर्स त्साहारा म्हणायची, "हनुवटी छातीला लाव बघू."
लागली, तर मी श्वास सोडायचो.
नाही लागली, तर लिहायचो: ताठ.
एका मार्चमध्ये शाई संपली.
पुढची पानं पेन्सिलीनं आहेत.

खाटा चार.
उरलेले कडुलिंबाखाली, चटयांवर.
सावली सरकेल तशा चटया सरकवायच्या,
हे काम मुलांचं.
संध्याकाळी त्या मुलांतलाच एखादा
चटईवर असायचा.

माझा भाऊ इल्लो वाचला.
कान तेवढे गेले.
आता तो ताडाच्या पातींच्या चटया विणतो.
त्याला मागून हाक मारून उपयोग नाही,
समोर जाऊन सावली पाडावी लागते.

मग निळ्या खोक्यातून लस आली,
मोटारसायकलला रबरी पट्ट्यांनी बांधलेली.
बर्फ वितळायच्या आत गाव उरकायचं होतं.
वय एक ते एकोणतीस, असा हिशेब.
मी एकतीस.
रांगेशेजारी बसून खुणा करत राहिलो,
सुई माझ्यासाठी नव्हतीच.
म्हातारी देलू भांडली, "आम्ही काय फोलपट?"
त्साहारा म्हणाली, "रोग पोरांच्या घशातून घरात शिरतो, आजी.
ते दार लावलं, की तुमच्यापर्यंत कोण येणार?"
देलूला पटलं नाही.
नातवांना मात्र तिनंच बखोट धरून आणलं.

त्यानंतर वही बिघडली.
म्हणजे वारा आला, धूळ आली,
मी रेघा आखून ठेवल्या,
आणि मार्च कोरा. एप्रिल कोरा.
वरून तपासनीस आला. "नोंदी का नाहीत?"
म्हटलं, साहेब, कुणी आलंच नाही.
कामचुकाराकडे बघावं तसं त्यानं बघितलं.
न झालेलं मरण कुठल्या रकान्यात लिहितात
ते मला अजून ठाऊक नाही.

खोटं बोलणार नाही.
चार वर्षांनी ताठ मान परत आली,
दुसऱ्याच वाणाचा जंतू,
ज्याला ती लस ओळखत नव्हती.
सात नावं. त्यात देलूचा याहुझा.
त्याचा सदरा हातात घेऊन ती केंद्रासमोर उभी राहिली
दिवस कलेपर्यंत.
मी जुनी वही काढली होती:
हेच गाव, हाच महिना, एकसष्ट नावं.
उघडली नाही.
देलूला सातांशी देणंघेणं नव्हतं, एकसष्टांशीही.
तिला एक हवा होता.

आता नवी लस आली आहे, जास्त वाण ओळखणारी.
देलूही आली, पणतवंडाला घेऊन, रांगेत मध्येच कुठेतरी.
कुणाशी बोलली नाही.
पोराचा दंड उघडा करून तेवढा धरला,
घट्ट.

माझ्या नातीनं परवा मान धरली.
चार बोटं उचलली असेल,
तर घरात केवढा गलका!
तिच्या सुईला अजून सहा महिने आहेत.
तोवर तिच्याभोवती गावातले घसे,
दारं लावलेले.

कडुलिंबाखाली इल्लोनं चटया विकायला मांडल्यात.
एकीवर ती झोपली आहे.
ऊन सरकलं, तसा तो उठला,
आणि कुणी सांगायच्या आत
त्यानं चटई सावलीत ओढली.