बावन्न मिलिमीटर

पहिला नमुना मी पुठ्ठ्यातून कापला,
पुठ्ठ्यावर अजून कुलरचं चित्र होतं.
बॉनेटवर ठेवला, चार पावलं मागं सरलो.
सुपडूनं कानामागची बिडी काढली, म्हणाला,
‘डोया फाडीसन काय दखी ऱ्हायनी रे ती?’

खरंच होतं त्याचं.
गाडी एवढी बसकी की टपावर माझी कोपरं टेकतात,
आणि दिवे असे ताठ वर
जसं कुणी मागून चिमटा काढलाय.
गाडी देवरेबाईंची. पॉलिटेक्निकात मशीन ड्रॉइंग शिकवतात.
खडू पर्समध्येच असतो.
फरशीवर एक रेघ मारली त्यांनी, आडवी, जवळजवळ जमिनीलगत:
‘तिनं टक लावायची नाही. नुसतं बघायचं.’

नुसतं बघणं म्हणजे किती उंच?
अवधान एमआयडीसी ते घर, सायकलवर हाच हिशेब.
धाकटी अर्धे डोळे उघडे ठेवून झोपते,
पांढऱ्याची बारीक कोर दिसते खाली.
व्हर्निअर खिशातच होता.
बायकोनं माझा हात धरला.

मग एकशेदहाचे ऐंशी झाले,
ऐंशीचे चौसष्ट.
भिंगच बदललं, पेढ्याएवढं बारकं घेतलं,
बिजागरी मागं सारली,
कंस घासून घासून नखाएवढा केला.
बावन्नला येऊन थांबलो.
एक्कावन्नला उजेड बॉनेटच्याच नाकावर सांडत होता.

मोटर भंगारातल्या ओम्नीच्या वायपरची,
अश्फाकनं तिला दोन रिले आणि एक लिमिट स्विच जोडला.
जोडली तशी तिला उलटं फिरणं ठाऊकच नाही.
अर्धी फेरी, पापणी वर.
उरलेली अर्धी, पापणी खाली.
मिटायलाही ती पुढंच जाते.
मी हे बाईंना सांगितलं.
‘हो, क्रँक तसाच असतो,’ म्हणाल्या.
त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही.
मला रात्रीतून दोनदा आठवलं.

जानेवारीत झाकण आणि बॉनेटमध्ये फट ठेवली
एक मिलिमीटर. नखानं सुद्धा सापडू नये अशी.
हात फिरवून फिरवून दाखवली लोकांना.
मेमध्ये धुळ्याचा पारा पंचेचाळीसवर गेला
आणि भर दुपारी डावा दिवा मिटला तो मिटलाच.
मोटर आत घुमतेय, फ्यूज गरम,
गाडी एका डोळ्यानं माझ्याकडं बघतेय.
‘उन्हाया शे भो,’ सुपडू म्हणाला, ‘फायबरलेबी सूज येस.’
मी कानस घेतली.
जानेवारीत केलेला माझा सगळा रुबाब
पांढरी भुकटी होऊन चपलांवर पडला.
फट आता तीन मिलिमीटर. लांबूनही दिसते.
बाईंनी बोट घातलं, काढलं,
वहीत लिहिलं: तीन, उन्हाळ्यासाठी.
हिवाळ्याबद्दल कुणी बोललं नाही.

रात्री साडेदहाला लळिंगच्या चढावर नेली.
बाई स्टिअरिंगला, मी शेजारी,
सुपडू आणि अश्फाक मागून स्कूटरवर.
पांढऱ्या पट्ट्यापुरता चंद्र होता, तोही ढगाआड गेला.
‘लावू?’
खट्. आणि मग तो आवाज,
दळण संपत आल्यावर जात्याचा होतो तसा.
झाकणं उचलली, थांबली,
वाऱ्यानं एकदाही फडफडली नाहीत.
रस्ता समोर आला. खड्ड्यांसकट.

वळणापलीकडं एक म्हैस, रस्त्याच्या मधोमध बसलेली.
बाईंनी ब्रेक दाबला.
उजेड तिच्या तोंडावर, डोळे हिरवे पेटलेले,
रवंथ चालूच.
तिनं पापण्या मिटल्या. उघडल्या.
ना खट्, ना घुमणं.
मी काचेला नाक लावून बघितलं,
फट कुठं ठेवलीय ते.
दिसली नाही.

मागून स्कूटर आली. सुपडू ओरडला, ‘हॉर्न दे ना भो!’
बाईंनी माझ्याकडं बघितलं.
हॉर्न आम्ही अजून बसवलाच नव्हता.